डेटाबेसमधील ४०० घरे गूगलला का सापडत नाहीत

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील घरगुती निवासांची माहिती देणारे आपले संकेतस्थळ पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते, त्यात सुमारे ४०० घरांच्या नोंदी आहेत आणि ते सुरू होऊन १४ महिने झाले आहेत. ‘सर्व निवास’ या पानावर गाव, दर, जेवण आणि क्रम असे चार फिल्टर आहेत, आणि घराच्या चौकटीवर क्लिक केले की त्याचा तपशील उघडतो. एका मोफत साधनाने आपण साइटमॅपही (साइटवरील पत्त्यांची शोधयंत्रासाठीची यादी) तयार करून दिला. तरीही गूगलमध्ये मुखपृष्ठ, ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ अशी मिळून ११ पानेच दिसतात, आणि सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) मात्र हजारो पत्ते ‘सापडले, पण सध्या इंडेक्स केलेले नाहीत’ या सदरात साचले आहेत; इंडेक्स म्हणजे गूगल ज्यातून शोधाची उत्तरे देतो ती सूची. डेटाबेसवर चालणारी साइट गूगलला चालत नाही, म्हणून ४०० पाने हाताने एचटीएमएलमध्ये करून ठेवावीत, असा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला आहे, आणि तो मानावा का, असे आपण विचारता.

तो सल्ला मानू नये. तो कुठून आला असावा हे मात्र मला ठाऊक आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शोधयंत्रे पत्त्यातील प्रश्नचिन्हाला खरोखरच बिचकत असत, आणि पत्त्यात ‘आयडी’ नावाचा पॅरामीटर (प्रश्नचिन्हानंतर जोडलेली माहिती) वापरू नका असे त्या काळी गूगलच्याच सूचनांमध्ये लिहिलेले होते. पुढे २००८ मध्ये गूगलने स्वतःच स्पष्ट केले की असे पत्ते त्याला वाचता येतात, आणि ते स्थिर दिसावेत म्हणून अर्धवट खटाटोप करण्यापेक्षा आहेत तसे ठेवलेले बरे. पान डिस्कवरील फाइलमधून आले की डेटाबेसमधून, हे गूगलच्या बॉटला (पाने वाचत फिरणाऱ्या त्याच्या प्रोग्रामला) कळतही नाही. त्याच्या हाती पडतो तो एक पत्ता आणि त्या पत्त्यावर मिळालेले एचटीएमएल. शिवाय ४०० पाने हाताने केलीत, तर पहिल्याच हंगामात दर बदलतील तेव्हा ती सगळी पुन्हा हाताने दुरुस्त करावी लागतील.

आपली साइट मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचे निदान आपल्या वर्णनावरून केलेले आहे, हे लक्षात घ्यावे. त्या वर्णनावरून मला एकाच वेळी दोन उलट दोष दिसतात. ज्या पानांपर्यंत बॉटने पोहोचायला हवे, त्या घरांच्या पानांकडे जाणारी वाटच नाही. आणि जी पाने असण्याचे काही कारण नाही, त्यांच्याकडे हजारो वाटा उघड्या आहेत.

पहिला दोष आधी पाहू. गूगलचा बॉट यादीतून गाव निवडून ‘शोधा’ हे बटण दाबत बसत नाही, तो दुव्यावरून दुव्यावर जातो. दुवा म्हणजे एचटीएमएलमधील साधा अँकर टॅग, ज्यात एचरेफ लिहिलेला असतो. घराच्या चौकटीवर क्लिक झाल्यावर जावास्क्रिप्टने तपशील उघडायचा, अशी रचना असेल तर माणसाला ती दुव्यासारखीच वाटते, पण बॉटच्या दृष्टीने तेथे काहीच नाही. गूगल आता जावास्क्रिप्ट चालवून पान पाहतो हे खरे, आणि २०१९ पासून त्यासाठी तो अद्ययावत क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) वापरतो. परंतु पान चालवून पाहणे वेगळे आणि त्यातील बटणे दाबून पाहणे वेगळे. दुसरे तो करत नाही. आपल्याकडे घर कितीही नीटनेटके असले, तरी तिथवर पाखाडी (पायऱ्यांची वाट) नसेल तर नवखा पाहुणा वाडीच्या तोंडावरूनच परत फिरतो. आपल्या ४०० नोंदींचे तेच झाले असावे.

हे तपासायला पाच मिनिटे लागतात. ‘सर्व निवास’ हे पान उघडावे, कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबून त्याचा मूळ स्रोत पाहावा आणि त्यात एखाद्या घराचे नाव शोधावे. नाव सापडले आणि त्याच्याभोवती एचरेफ असलेला दुवाही असेल, तर माझे निदान चुकले आहे. नाव आहे पण दुवा नाही, किंवा नावही नाही, असे असेल तर मूळ दुखणे हेच. त्यानंतर सर्च कन्सोलमधील यूआरएल तपासणीच्या साधनात तेच पान घालून गूगलला ते कसे दिसते हेही पाहून घ्यावे.

दुसऱ्या दोषाचे गणित साधे आहे. समजा, फिल्टरमध्ये ६० गावे, ४ दरगट, ३ प्रकारचे जेवण आणि ४ प्रकारचे क्रम आहेत. यांचा गुणाकार २,८८० होतो, म्हणजे ४०० घरांसाठी २,८८० याद्या. हे चार पॅरामीटर पत्त्यात कोणत्याही क्रमाने येऊ शकत असतील, तर प्रत्येक यादीचे २४ पत्ते होतात आणि एकूण आकडा ६९,१२० वर जातो. यांतील बहुसंख्य याद्या रिकाम्या असणार. उरलेल्यांत तीच सहा-सात घरे कधी स्वस्त आधी तर कधी महाग आधी अशी मांडलेली असणार. आपले फिल्टर हे साधे दुवे असावेत, म्हणून बॉटला हे सगळे पत्ते मिळतात. आपण ज्या मोफत साधनाने साइटमॅप केला, तेही याच दुव्यांवरून फिरले असणार, म्हणजे साइटमॅपमध्येही घरे नसून फिल्टरचे पत्तेच भरले गेले असावेत. गूगलने त्यांतले काही वाचले, सगळीकडे तेच दिसले, आणि बाकीचे नुसते नोंदवून बाजूला ठेवले. मला तरी त्याचा हा निर्णय योग्यच वाटतो.

अशीच गोष्ट मी बारा वर्षांपूर्वी दापोलीकडच्या एका रोपवाटिकेच्या साइटवर अनुभवली होती. त्यांच्याकडे हापूस, रत्ना, सिंधू अशा आंब्यांची आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूंची मिळून ९० कलमे होती. प्रत्येक दुव्याच्या शेवटी सत्राचा, म्हणजे त्या भेटीचा, क्रमांक जोडला जात होता, त्यामुळे बॉट दर भेटीला तेच हापूसचे पान नव्या पत्त्यावर पाहत होता. सर्व्हरच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदवहीत) मला हे दिसले, आणि तेव्हापासून अंदाज बांधण्याआधी लॉग उघडायची सवय मी लावून घेतली. आपणही महिनाभराचा लॉग काढून गूगलबॉटच्या भेटी कोणत्या पत्त्यांवर झाल्या हे पाहावे. गूगलबॉटचे नाव लावून फिरणारे इतरही असतात, म्हणून आयपी पत्त्याची उलटी डीएनएस तपासणी करून, म्हणजे त्या आकडी पत्त्यावरून नाव शोधून, तो खरोखर गूगलचाच आहे याची खात्री करून घ्यावी.

आता उपाय. माझ्या मते प्रत्येक डेटाबेसवरच्या साइटने एक प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा: कोणत्या गोष्टीला स्वतःचे पान हवे? डेटाबेसमध्ये विचारता येईल अशा प्रत्येक प्रश्नाला पान देण्याची गरज नसते. माणसे ज्या शब्दांनी शोधतात आणि ज्याचे पुरेसे उत्तर आपल्याकडे आहे, त्यालाच द्यावे. आपल्या बाबतीत प्रत्येक घराला एक पान, प्रत्येक गावाला एक पान आणि प्रत्येक तालुक्याला एक पान, इतके पुरे. ‘मालवण तालुका’ या पानावर देवबाग, तारकर्ली, आचरा यांचे साधे दुवे असावेत, देवबागच्या पानावर तेथील घरांचे दुवे असावेत, आणि घराच्या पानावरून गावाकडे व शेजारच्या गावांकडे परत जाता यावे. एखाद्या गावात घरे इतकी आहेत की यादी दोन-तीन पानांत विभागावी लागते, तर त्या प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल (शोधयंत्राने मूळ मानावा असा) पत्ता त्याचा स्वतःचाच ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवलेला मी वारंवार पाहतो, आणि त्यामुळे त्या पानांवरची घरे दिसेनाशी होतात. आधीचे आणि पुढचे पान सांगणारे टॅग मात्र गूगलसाठी घालत बसू नका. ते आपण वापरत नाही, असे गूगलने २०१९ मध्ये सांगितले आहे.

उरलेल्या फिल्टरांचे काय करायचे, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. क्रम बदलणाऱ्या पत्त्यांवर गावाच्या मूळ पानाकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल टॅग घालावा. हा टॅग २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणला. पण तो सूचनेच्या दर्जाचा आहे, शोधयंत्र ती नाकारू शकते. दर आणि जेवण यांचे फिल्टर माणसांच्या उपयोगाचे आहेत, ते काढू नयेत. मात्र ते दुव्यांऐवजी फॉर्मने चालवावेत आणि त्यांचे जुने पत्ते रोबॉट्स डॉट टीएक्सटी या, बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या, फाइलमधून बॉटला बंद करावेत. येथे एक चूक फार लोक करतात, म्हणून थांबून सांगतो. जो पत्ता आधीच इंडेक्समध्ये गेला आहे, त्यावर नोइंडेक्सही (हे पान इंडेक्समध्ये ठेवू नका, अशी खूण) घातला आणि तोच पत्ता रोबॉट्सच्या फाइलमध्ये बंदही केला, तर बॉट ते पान उघडणारच नाही आणि आतील नोइंडेक्स त्याला दिसणारच नाही. असे पत्ते आधी नोइंडेक्सने बाहेर येऊ द्यावेत आणि मगच दार लावावे. आपल्याकडे इंडेक्समध्ये फक्त ११ पाने आहेत, त्यामुळे ही अडचण आपल्याला बहुधा येणार नाही.

पत्त्यांची रचना बदलावी का? एखाद्याची पाने जुन्या, प्रश्नचिन्हाच्या पत्त्यांवर उत्तम चालत असतील तर मी त्यांना हात लावत नाही. केवळ देखणेपणासाठी पत्ता बदलणे म्हणजे कमावलेली ओळख पणाला लावणे होय. आपल्याकडे गमावण्यासारखे अजून काही नाही, म्हणून आत्ताच तालुका, गाव आणि घर अशा उतरंडीचे पत्ते करून घ्यावेत आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे ३०१ या संकेताने कायमचे वळवावे. तालुका पत्त्यात आणि शीर्षकात असलाच पाहिजे. मुरुड दापोली तालुक्यातही आहे आणि रायगडातही. शिरोडा वेंगुर्ले तालुक्यातही आहे आणि गोव्यातही. नुसते ‘मुरुड’ लिहिले तर वाचकाचा आणि शोधयंत्राचा दोघांचाही गोंधळ होतो.

पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमनमध्ये, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गूगलला दोन्ही चालतात. पण यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि सांकेतिक रूपात त्याची नऊ अक्षरे होतात. ‘देवबाग’ या सहा चिन्हांच्या नावाची ५४ होतात. असा पत्ता कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो टक्केचिन्हांची लांबच लांब माळ होऊन पोहोचतो, आणि लोक त्यावर क्लिक करायला कचरतात. म्हणून मी पत्ता रोमनमध्ये आणि शीर्षक व मजकूर मराठीत ठेवतो. इंग्रजी आवृत्तीही द्यायची असेल तर तिला वेगळे पत्ते द्यावेत आणि दोन्ही आवृत्त्या एचरेफलँग या, पानाची भाषा सांगणाऱ्या टॅगने जोडाव्यात. त्याच पत्त्यावर कुकी पाहून भाषा बदलणे टाळावे, कारण बॉट एका भेटीची कुकी पुढच्या भेटीला घेऊन येत नाही.

त्याआधी डेटाबेसमधील गावांची नावे मात्र साफ करावी लागतील. वेंगुर्ला, वेंगुर्ले, आणि शेवटी एक मोकळी जागा पडलेले वेंगुर्ले, अशा तीन नोंदींतून तीन वेगळी पाने तयार होतात आणि घरे त्यांत विखुरतात. गावांचा स्वतंत्र तक्ता करावा, प्रत्येक गावाला एक क्रमांक द्यावा, आणि पर्यायी रूपे त्याच तक्त्यातील वेगळ्या रकान्यात ठेवावीत, म्हणजे शोधणाऱ्याने कोणतेही रूप लिहिले तरी तो एकाच पानावर येईल.

इथपर्यंतचे काम आठ-दहा दिवसांत होण्यासारखे आहे. खरा वेळ लागेल तो पानांमध्ये काय आहे यावर, आणि माझा आग्रहही तिथेच आहे. बहुतेक सूचींमध्ये सगळ्या पानांचे शीर्षक ‘निवास तपशील’ असे एकच असते, आणि मजकूर म्हणजे ‘निसर्गरम्य परिसरात वसलेले, घरगुती वातावरण’ हे एक वाक्य, ज्यात फक्त गावाचे नाव बदललेले असते. अशी ४०० पाने म्हणजे गूगलच्या लेखी एकच पान. २०११ मध्ये पांडा या नावाने ओळखला जाणारा बदल आला, तेव्हापासून अशा पातळ मजकुराची किंमत संपूर्ण साइटला मोजावी लागते. त्यावर मोठमोठे परिच्छेद लिहिणे हा उपाय नव्हे. डेटाबेसमध्ये रकाने वाढवणे हा आहे.

कोणते रकाने, हे पाहुणे फोनवर काय विचारतात त्यावरून ठरवावे. किनाऱ्यावर पायी किती मिनिटांत जाता येते? गाडी अंगणापर्यंत येते, की वर रस्त्याला लावून पाखाडीने उतरावे लागते? मालवणला रेल्वे जात नाही, मग जवळचे स्थानक कुडाळ, सिंधुदुर्गनगरी की कणकवली, आणि तेथून शेवटची एसटी किती वाजता सुटते? घरात मोबाइलला रेंज कोणत्या कंपनीची येते? जेवणात मासे कोण करते, शाकाहारी पाहुण्यांसाठी स्वयंपाक वेगळा होतो का, सकाळी घावणे मिळतात की आंबोळ्या? शौचालय खोलीला लागून आहे की परसात? वयस्कर माणसांना किती पायऱ्या चढाव्या लागतील? घरमालकाला फोन करून असे दहा-पंधरा प्रश्न विचारले आणि उत्तरे आपापल्या रकान्यांत ठेवली, की प्रत्येक पान आपोआप दुसऱ्यापासून वेगळे होते. शीर्षकही त्याच रकान्यांतून घडवता येते: ‘देवबाग, ता. मालवण – खाडीकाठी दोन खोल्या, घरचे जेवण’. ‘मालवण होमस्टे’ एवढ्याच शब्दांवर मोठ्या प्रवासी कंपन्यांची पाने आपल्या वर राहतील, हे मी आताच सांगून ठेवतो. पण आई-वडिलांना घेऊन येणारा माणूस जेव्हा पायऱ्या नसलेले किनाऱ्याजवळचे घर शोधतो, तेव्हा त्याचे उत्तर त्या कंपन्यांकडे नसते. ते आपल्याकडे असू शकते, आणि आपण हे काम हाती घेतले याचे मला जे मोल वाटते ते याचसाठी.

सगळ्या ४०० नोंदी एकदम पूर्ण होणार नाहीत. ज्या १००-१५० घरांची माहिती भरली आहे, तेवढीच इंडेक्सला खुली ठेवावीत. बाकीच्या पानांवर नोइंडेक्स घालावा आणि माहिती भरेल तसतसा तो काढावा. साइटमॅप त्या मोफत साधनाने करू नये, थेट डेटाबेसमधून काढावा, आणि त्यात फक्त खुली, कॅनॉनिकल पाने असावीत. एका साइटमॅपची मर्यादा ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी आहे, म्हणजे आपल्याला एकच फाइल पुरेल. शेवटच्या बदलाची तारीख नोंद खरोखर बदलली तेव्हाचीच द्यावी. रोज सगळ्यांवर आजची तारीख टाकली तर गूगल त्या तारखांवर विश्वास ठेवणे सोडतो. प्राधान्य आणि बदलाची वारंवारता हे रकाने तर तो पाहतच नाही.

आता हंगामाविषयी, कारण कोकणातील साइटना हे विशेष लागू आहे. त्या रोपवाटिकेच्या साइटवर मी एक चूक केली होती: कलमांचा साठा शून्य झाला की पान नाहीसे व्हावे, असा कोड लिहिला होता. कलमांची विक्री पावसाच्या तोंडावर होते. फेब्रुवारीत साठा संपलेला असे, पाने ४०४ (‘पान सापडले नाही’ हा संकेत) देत, गूगल ती काढून टाकी, आणि जूनमध्ये लोक कलमे शोधू लागले की आमची पाने नुकती परत इंडेक्समध्ये शिरत असत. हे लक्षात यायला मला दोन हंगाम लागले, आणि त्याची झळ मालकांना बसली. आपल्याकडील अनेक घरे पावसाळ्यात बंद राहतात. ती पाने काढू नयेत. त्यावर ‘जून ते सप्टेंबर बंद, ऑक्टोबरपासून नोंदणी’ असे लिहावे आणि पान २०० या, ‘पान व्यवस्थित आहे’ असे सांगणाऱ्या, संकेतासह चालू ठेवावे. घर कायमचे बंद झाले असेल तरच ४०४ किंवा ४१० (‘पान कायमचे काढले’) द्यावा. आणि ज्या गावात एकही घर नाही, त्याचे ‘काही सापडले नाही’ असे सांगणारे पान २०० संकेताने देऊ नये. गूगल त्याला खोटे पान समजतो, आणि अशी पाने साचली की बॉटच्या फेऱ्या त्यांच्यावरच वाया जातात.

वेगाविषयी थोडक्यात. गाव क्रमांकाच्या रकान्यावर डेटाबेसमध्ये इंडेक्स (नोंद झटकन शोधणारी सूची; गूगलचा इंडेक्स नव्हे) आहे ना ते पाहावे, आणि चार-चार एमबीची छायाचित्रे लहान करावीत. सर्व्हर वारंवार ५०० चे, म्हणजे स्वतःच्या बिघाडाचे, संकेत देऊ लागला तर बॉट आपल्या फेऱ्या कमी करतो. गूगल आता पान मोबाइलच्या दृष्टीनेच वाचतो, म्हणून मोबाइलवर गाळलेली माहिती संगणकावर दिसते या भरवशावर राहू नये.

एवढे केल्यावर किती दिवसांत फरक पडेल, हे खात्रीने सांगता येत नाही. माझ्या अनुभवात दुवे दुरुस्त झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत लॉगमध्ये बॉटच्या भेटी घरांच्या पानांकडे वळलेल्या दिसतात. इंडेक्समधील आकडा त्यानंतर काही आठवड्यांनी हलतो, आणि नव्या साइटला कधी तीन-चार महिनेही लागतात. आपले घरमालक पावसाळ्यात त्या मानाने मोकळे असतात, फोनवर निवांत बोलतात. म्हणून दुव्यांचे आणि गावांच्या तक्त्याचे काम मेअखेर उरकावे, जून-जुलैत रोज चार-पाच घरांना फोन करून रकाने भरावेत, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीची चौकशी सुरू होण्याआधी गूगलला ती पाने वाचायला पुरेसा अवधी मिळेल. ‘सर्व निवास’ पानाच्या स्रोतात घराच्या नावाभोवती एचरेफ आहे की नाही, ते आधी पाहून कळवावे; तो असेल तर मला हे सगळे पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागेल.